हुग्गीवाल्या भीमाप्पाचा मका

भीमाप्पा हळू आवाजात बोलायला लागला की गल्लीतली माणसं घाबरायची. एरवी त्यानं बायकोकडं मीठ मागितलं तरी समोरच्या घरातली बाई मिठाचा डबा शोधायला उठायची. शहाण्णव साली मी मुरगूडहून कोल्हापुरात नोकरीला आलो आणि शुक्रवार पेठेत त्याच्या घराची माडीवरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी खालून आवाज आला, "पावणं, जेवलासा का न्हाय?" मी घाबरून "जेवलो" म्हणालो. जेवलो नव्हतो. पण त्या आवाजाला 'नाही' म्हणण्याइतका मी कोल्हापूरकर झालो नव्हतो.

मी एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होतो. म्हणजे मुलांनी काळ्या केलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या आणि मास्तरांनी फोडलेल्या मुलांच्या नावावर लिहायच्या. हे मी भीमाप्पाला नीट समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे मास्तरच की." तेव्हापासून गल्लीत मी मास्तर.

भीमाप्पा आचारी. लग्न, बारसं, मठातला महाप्रसाद, काहीही असो, भात-आमटी कोणीही करावी, पण हुग्गी करायची ती भीमाप्पानं. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. गहू भिजवून, उखळात सडून, मऊ शिजवायचा, मग त्यात गूळ, खोबरं, खसखस, वेलदोडा. ऐकायला सोपी वाटते. पण पाचशे माणसांच्या पातेल्यात ती बुडाला न लागू देता घोटायची म्हणजे खांदा पैलवानाचा लागतो आणि चित्त साधूचं. भीमाप्पाकडं खांदा होता. चित्ताच्या जागी तो शिव्या वापरायचा. आमच्याकडच्या लिंगायत घरांत म्हणे आधी भीमाप्पाला कुठला दिवस मोकळा आहे ते विचारायचे आणि मग मुहूर्त काढायचे.

कार्य आटोपलं की तो पितळी डब्यात हुग्गी घेऊन घरी यायचा. पातेल्याच्या बुडाची, घट्ट, जराशी खरपूस. ती बसूसाठी.

बसू म्हणजे बसवेश, त्याचा थोरला. तेव्हा सहा-सात वर्षांचा. पाय काड्यांसारखे, पोट तेवढं पुढं, डोळे मोठे. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. सारखा परसाकडं पळायचा. जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली, कुणीतरी दृष्ट काढली, कुणीतरी गळ्यात ताईत घातला. भीमाप्पाचा भरवसा मात्र एकाच औषधावर. "मास्तर, खपली म्हंजे काय समजलासा? ताकद हाय ताकद. तालमीतली पैलवान खात्यात. पोरगं कसं उभं ऱ्हात न्हाय बघतोच."

भरवायचं काम त्याच्या बायकोचं, शांतव्वावैनींचं. वैनी निपाणीकडच्या. बोलायला कमी. दोघांत मिळून आवाजाची सरासरी बरोबर यायची. बसूला मांडीवर घेऊन त्या अंगणात बसायच्या. "ह्यो घास आप्पाचा. ह्यो नंदीचा. ह्यो वरच्या मास्तरांचा." पोरगं तोंड फिरवायचं. "मास्तर बघत्यात बघ वरनं, खा की." मी माडीच्या खिडकीतून डोळे वटारायचो, तो हसायचा, आणि हसताना तोंड उघडलं की घास आत. माझ्या नावाचे कितीतरी घास बसूनं खाल्ले.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात बसू गेला. हगवण लागली, सलाईन लावलं, अंगात काही उरलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फार अशक्त होता. भीमाप्पा त्या दिवशी इतक्या हळू बोलला की मला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. तो म्हणाला होता, "मास्तर, त्येच्या चपला कुठं हायत बघा."

त्यांच्याकडं माणूस पुरतात. गावाबाहेर चढावर त्यांची रुद्रभूमी आहे. तिथं बसूच्या जागेवर एक घडीव दगड बसवला. वर्षाच्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी करून त्या दगडापुढं ठेवायचं, अशी त्यांच्या घरची रीत. पहिल्या वर्षाला भीमाप्पानं स्वतः हुग्गी केली. पण हजार माणसांचा अंदाज असलेल्या हाताला एका पोरापुरती करता येईना. झाली भलतीच जास्त. उरलेली गल्लीत वाटली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. चांगली झाली होती, हे मात्र त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मग अंजूला सुरू झालं.

अंजू म्हणजे शिवांजली, बसूची धाकटी बहीण. पाच वर्षांची होत आली आणि तिचे पाय काड्यांसारखे दिसायला लागले. पोट पुढं आलं. वैनींनी देवघरात बसणं वाढवलं आणि भीमाप्पानं डब्यातली हुग्गी. शेवटी कुणीतरी राजारामपुरीतल्या लहान मुलांच्या एका तरुण डॉक्टरचं नाव सांगितलं. भीमाप्पा मला म्हणाला, "चला मास्तर. तो इंग्लिशमधी बोलला तर मी काय करू?" मी गेलो. परीक्षानळ्या धुणाऱ्याला इंग्रजी येतंच, अशी त्याची समजूत होती.

डॉक्टर मराठीतच बोलले. पहिल्या खेपेला रक्त घेऊन मुंबईला पाठवलं होतं, दुसऱ्या खेपेला त्याचा कागद आला होता. वैनी अंजूला घेऊन बाहेरच्या खोलीत वजन करायला गेल्या होत्या. आत आम्ही दोघंच.

"गहू सोसत नाही तिला," डॉक्टर म्हणाले. "गव्हात एक चिकटपणा असतो ना, त्यानं तिचं आतडं खराब होतंय. गहू पूर्ण बंद करायचा. चपाती, बिस्कीट, पाव, रवा, सगळं. चिमूटभरसुद्धा नको. ज्वारी, तांदूळ, नाचणी, मका, काहीही चालेल. पोरगी सुधारेल."

भीमाप्पा हसला. "गव्हानं कुणी आजारी पडतंय व्हय डॉक्टर?"

"हिच्यासारखी पडतात. घरात असतं हे बऱ्याचदा. भावंडांत कुणाला असा त्रास होता का?"

"थोरला हुता. पोरगा."

"काय होत होतं त्याला?"

भीमाप्पा सांगत गेला. पोट, पाय, परसाकडं पळणं. सांगता सांगता त्याचा आवाज कमी होत गेला. डॉक्टर लिहीत होते.

"आणि खायला काय द्यायचात?"

"हुग्गी," भीमाप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "आता हिच्याकडं लक्ष देऊ या."

दवाखान्याच्या पायरीवर भीमाप्पानं माझं मनगट धरलं. त्याची पकड पातेलं उतरवणाऱ्याची. "मास्तर, बसूचं ह्ये त्येच्या आईला कळता कामा न्हाय. एकेक घास तिनं भरवलाय. कळलं तर जगायची न्हाय बाई. शपथ घ्या." मी शपथ घेतली. तेवढ्यात वैनी अंजूला कडेवर घेऊन बाहेर आल्या. काय म्हणाले डॉक्टर, असं त्यांनी विचारलं. भीमाप्पानं घसा साफ केला आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही कळावं असं, सांगितलं, "हिला गहू बाधतोय. पोरींचा रोग हाय ह्यो. पोरींनाच हुतोय. पोरांना न्हाय."

वैनींनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं."

त्या दिवसापासून पितळी डबा घरी आला नाही. भीमाप्पा हुग्गी करायचा थांबला नाही. घर त्यावरच चालत होतं, आणि लोकांच्या लेकरांना ती बाधत नव्हती. पण चव बघायचं त्यानं सोडलं. गूळ बरोबर पडला का ते यजमानाला चाखायला लावायचा. यजमानाला वाटायचं, काय मान देतो बघा हा माणूस. घरी आला की मागच्या दारानं यायचा, न्हाणीत अंगावर पाणी ओतून घ्यायचा, कपडे बदलायचा आणि मग अंजूला जवळ घ्यायचा. मिशीत पीठ राहिलं असेल म्हणून मिशीसुद्धा साबणानं धुवायचा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, भीमाप्पा लईच सोवळ्याचा झाला.

भात होता, भाकरी होती, उपाशी राहायचं कारण नव्हतं. पण पाच वर्षांच्या पोरीला भाकरीचं काय कौतुक? गल्लीतली पोरं ग्लुकोजची बिस्किटं चहात बुडवायची, वाढदिवसाला केक कापायची, वडापाव खायची. अंजू दारात उभी राहून बघायची. एकदा शेजारच्या यशराजनं अर्धं बिस्कीट दिलं, तिनं खाल्लं आणि आठवडाभर पडून राहिली. भीमाप्पा यशराजवर ओरडला नाही. ते पोरगं ओरडण्याची वाट बघत भिंतीला चिकटून उभं होतं. भीमाप्पा म्हणाला, "तुझी चूक न्हाय बाबा. ती तुमचं खाऊ शकत न्हाय ना? मग तुम्ही तिचं खावा."

तिथून मका सुरू झाला.

आधी त्यानं मक्याच्या पिठाची पुरणपोळी करून बघितली. त्यांच्याकडं होळगी म्हणतात. मक्याच्या पिठाला चिवटपणा नसतो, लाटायला गेलं की फाटतं. सगळ्या जिल्ह्याला हुग्गी घालणारा माणूस पोळपाटासमोर बसून फाटलेल्या मक्याला शिव्या देत होता. वर अंजू पुन्हा आजारी पडली. आता गहू तर घरात नव्हता. चार दिवस त्यानं विचार केला आणि मग दात-ओठ खात केरबाच्या पिठाच्या गिरणीत गेला. मीही मागोमाग गेलो, मध्ये पडायला कुणीतरी पाहिजे म्हणून.

"केरबा, माझ्या मक्याच्या आधी काय दळलंस?"

"गहू. का?"

"त्येचं पीठ आत ऱ्हायलेलं माझ्यात आलं की लेका."

"मग? समद्यांच्यात समद्यांचं येतंय. गिरणी हाय ती, का देवळातला गाभारा?"

भीमाप्पानं हात उगारला नाही. त्यानं केरबाला सगळं सांगितलं, अंजूचं. केरबा ऐकून म्हणाला, "आता मी गिरणी धुऊ का काय करू? जातं हाय आमच्या म्हातारीचं पडवीत पडलेलं. घिऊन जा." ते दोघांनी मिळून उचलून आणलं. तिघांनी म्हणणार होतो, पण मी फक्त खुंटा धरला होता.

हंगामात मात्र त्यानं पीठच सोडलं. श्रावण-भाद्रपदात कोवळी कणसं यायची ती खिसणीवर खिसायची. दुधासारखा घट्ट लगदा निघतो. त्याला मीठ, हळद, जिरं आणि जात्यावरचं मूठभर तांदळाचं पीठ. सारण म्हणजे शेवग्याचा पाला, मोडाची मटकी, शेंगदाण्याचा कूट, लसूण आणि मिरची. कणसाचंच हिरवं पान तळहातावर घ्यायचं, त्यावर लगदा थापायचा, मधे सारण, वरून पुन्हा लगदा, पान दुमडायचं आणि पानासकट तव्यावर. तेल नावाला. पान करपतं, सोललं की आत पिवळी थापटी, तिच्यावर पानाच्या शिरा उमटलेल्या.

कणसं खिसायला हात लागतात. ते गल्लीत मुबलक होते. कुठं कार्य नसेल त्या दिवशी संध्याकाळी भीमाप्पा दारात उभा राहायचा आणि एक हाक मारायचा. अख्ख्या पेठेतली पोरं यायची. पण सरळ आत नाही. उंबऱ्यावर हात तपासणी.

"दाव."

यशराज हात पुढं करायचा.

"काय खाल्लंस येताना?"

"काय न्हाय काका."

"नखात काय हाय?"

"माती हाय."

"माती असंल तर चालतंय. ह्यो पाव हाय. परत."

पोरगं न्हाणीकडं. कोपरापर्यंत साबण. संयोगिता म्हणून एक वकिलाची मुलगी होती, ती घरूनच तीन वेळा हात धुऊन यायची. तरी भीमाप्पा तिचा हात उजेडाकडं धरून उलटासुलटा बघायचा, सोनार तोडे बघतो तसा, आणि मग म्हणायचा, "स्वच्छ हायत. बस." त्याच्या तोंडून 'स्वच्छ' ऐकायला पोरं धडपडायची. मला हायस्कुलात आठ वर्षांत एका मुलाकडून परीक्षानळी स्वच्छ धुवून घेता आली नाही. हा माणूस एका शब्दावर सगळ्या पेठेचे हात धुवून घ्यायचा.

आत नुसता गोंधळ. कुणाची थापटी हत्तीच्या कानासारखी, कुणाची भोकाची. सारण पानात कमी, तोंडात जास्त. अंजू मधोमध बसून सगळ्यांच्या चुका काढायची. "आप्पा, ह्यानं मटकी नुसतीच खाल्ली." "खाऊ दे. तिच्यात ताकद हाय." आणि ताकद हा शब्द तोंडून गेला की भीमाप्पा उगाच तवा हलवायचा.

अंजू भरली. गाल आले, पायात बळ आलं, गल्लीत लंगडी खेळताना यशराजला बाद करायला लागली. बघणाऱ्याला वाटायचं, घरावरचं सावट गेलं.

वैनी त्या गोंधळात कधीच यायच्या नाहीत. "मला न्हाय जमत ते," म्हणायच्या आणि मागच्या दारात निवडत-टिपत बसायच्या. अंजूलासुद्धा त्या ताट वाढून द्यायच्या, पण हातानं भरवायच्या नाहीत. पोरगी मांडीवर येऊन तोंड उघडायची. "हातानं खा की बाय, मोठी झालीस," म्हणायच्या. मला वाटायचं, स्वभाव असेल.

दोन हजारच्या श्रावणात बसूचा दिवस जवळ आला तशी भीमाप्पाची तगमग सुरू झाली. रीत म्हणजे दगडापुढं हुग्गी ठेवायची. करावी, तर पोराच्या उशाला पुन्हा तेच. न करावी, तर वैनी विचारणार, का नाही? एक दिवस तो माडीवर आला आणि माझ्या खाटेवर बसला. "इचलकरंजीच्या मठाची सुपारी घेतलीया. त्याच दिशी." जेवणाच्या कामाला तो सुपारीच म्हणायचा. "मी नसंन. करायला कुणी न्हाय म्हटल्यावर साखर-खोबरं ठिवंल ती. तुम्ही जावा संगं."

खाली त्यानं वैनींना सांगितलं तेव्हा मी जिन्यात होतो. वैनी म्हणाल्या, "जावा की तुम्ही. मी बघते नैवेद्याचं."

त्या दिवशी तो पहिल्या एस.टी.नं गेला. वैनींना माझ्या लुनावर मागं बसवून मी रुद्रभूमीत नेलं. पाऊस भुरभुरत होता. त्यांनी दगड पदरानं पुसला, विभूती लावली आणि पिशवीतून डबा काढला. मी साखर-खोबऱ्याची वाट बघत होतो. डब्यात कणसाच्या पानात दुमडलेली एक थापटी होती. लहान, वेडीवाकडी. अंजूच्या हातची.

त्यांनीच बोलायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता.

"पोरींनाच हुतोय म्हणाले हे. मी बरं म्हटलं. पण पोरगी गहू सोडल्यावर भरत गेली न्हवं का मास्तर. जशी भरत गेली तसं मला कळत गेलं. गाल धरले तिचे की बसूचे आठवायचे. पोरगी बरी व्हाय लागली म्हणून आनंद करायचा का काय करायचं, मला काय उमगंना झालतं."

पानावर पावसाचे थेंब पडत होते. त्यांनी डब्याचं झाकण वर आडवं धरलं.

"आणायचे हे, भरवायची मी. मला म्हाईत हाय हे त्यास्नी सांगू नका. त्यास्नी वाटतंय, बाईला तेवढं वाचवलं. तेवढ्यावर उभा हाय तो माणूस."

अशी माझी गत झाली. खाली पुढच्या दारात एक, मागच्या दारात दुसरी, आणि वर मी. दोघांची एकच गोष्ट माझ्याकडं ठेवायला दिलेली आणि तिला ठाऊक नाही असं त्याला वाटायचं, आणि ती ते तसंच वाटू द्यायची. कितीदा वाटलं, जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहून ओरडून सांगावं. पण माझा आवाज भीमाप्पासारखा नव्हता आणि मी दोन्हीकडं बांधला गेलो होतो.

पुढची वर्षं तेच. बसूचा दिवस आला की भीमाप्पाला बाहेरगावची सुपारी. कधी इचलकरंजी, कधी हुपरी. वैनी आणि मी लुनावर. अंजू शाळेत जायला लागली, तिचा डबा वेगळा हे सगळ्या वर्गाला माहीत झालं. एकदा कणसं खिसता खिसता यशराजच्या धाकट्या भावानं विचारलं, "काका, बसूला पण असंच झालतं ना? आमची आई म्हणत होती."

भीमाप्पाचा हात खिसणीवर थांबला. मागच्या दारातून वैनींचा आवाज आला, अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता. "त्येचं येगळं हुतं रे. ह्यो रोग पोरींनाच हुतोय. पोरांना न्हाय."

भीमाप्पानं मोठा श्वास सोडला आणि पुन्हा खिसायला लागला. बोट खिसलं गेलं होतं ते त्याला नंतर कळलं. तो लगदा त्यानं टाकून दिला.

दोन हजार चारच्या श्रावणात पंचगंगेला पाणी चढलं. बसूच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी पोरांचा थापट्यांचा कार्यक्रम होता. मी जिन्यात बसून बघत होतो. सगळ्यांचं झाल्यावर भीमाप्पानं उरलेल्या लगद्याची एक छोटी थापटी केली. यशराजला आता मिसरूड फुटायला आलं होतं, पण सवय गेली नव्हती. "काका, ही एवढीशी कुणाची?"

"तुझ्या नाकाची."

"ह्यात मिरची न्हाय घातली व्हय?"

"तिखट खाऊन नाक आणि लाल करून घ्यायचंय का?"

पोरं हसली. मी बघितलं, ती थापटी त्यानं पानासकट फडक्यात गुंडाळून आपल्या प्रवासाच्या पिशवीत टाकली. मला वाटलं, वाटेत खायला.

सकाळी तो पिशवी घेऊन गेला. आम्ही निघायच्या आधी शेजारी कुणीतरी म्हणालं, इचलकरंजीची एस.टी. बंद आहे, रस्त्यावर पाणी आलंय. वैनी म्हणाल्या, "मग हे कुठं गेले?" आणि उत्तराची वाट न बघता लुनावर बसल्या.

तो तिथंच होता. दगडासमोर, छत्री न उघडता मांडीवर आडवी घेऊन बसलेला. फडकं सोडलेलं होतं. आम्हाला बघून तो घाईनं पिशवी ओढायला लागला, पण थापटी दगडापुढं होती, ती कशी लपवणार?

वैनी उभ्या राहिल्या. मग त्या खाली बसल्या, आपला डबा उघडला आणि अंजूच्या हातची थापटी त्याच्या थापटीशेजारी ठेवली. हुग्गी कुणाच्याच डब्यात नव्हती.

भीमाप्पानं दोन्हीकडं बघितलं. मग बायकोकडं. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी पहिल्यांदाच त्याला आवाजाशिवाय बघत होतो.

"मिरची न्हाय न्हवं घातली?" वैनींनी विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला.

"त्येला सोसत न्हवती."

"व्हय."

पाऊस वाढला. त्यानं छत्री उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. मी लुनाकडं निघून आलो. तिथून बघितलं तर दोघं बराच वेळ तसेच बसले होते. त्याचा खांदा हलत होता, आणि वैनी एका हातानं दगडापुढचं पाणी बाजूला सारत होत्या. कावळे झाडावर येऊन बसले तेव्हा तो उठला.

येताना वैनी माझ्या लुनावर बसल्या नाहीत. दोघं चालत आले. रस्त्यात काय बोलले, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून माझ्याकडं ठेवायला दिलेलं कुणी परत मागितलंही नाही. एवढं मात्र खरं की सगळं बोलून झालं म्हणजे माणूस मोकळा होतो, असं काही मला त्या घरात दिसलं नाही. भीमाप्पा त्या वर्षानंतर म्हाताराच दिसायला लागला. वैनी देवघरात जास्त बसायला लागल्या. माझी बदली गारगोटीला झाली, मी खोली सोडली.

त्या आधीची एक संध्याकाळ सांगायची राहिली. रुद्रभूमीतून आल्यावर आठ-दहा दिवसांनी असेल. कणसं शेवटची होती. भीमाप्पानं हाक मारली, पोरं आली, उंबऱ्यावर रांग लागली. दाव. परत. दाव. स्वच्छ हायत, बस. शेवटचं पोरगं आत गेलं आणि तो वळणार तोच त्याच्यासमोर आणखी दोन हात आले. बांगड्यांचे. मागच्या दारातून उठून, घराला वळसा घालून, वैनी रांगेच्या शेवटी उभ्या होत्या.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. अंजू आईकडं बोट करून ओरडली, "आव्वाचे पण तपासा आप्पा. सोडू नका."

भीमाप्पानं ते हात धरले. उजेडाकडं वळवले, उलटे केले, सुलटे केले. उजव्या हाताची पाचही बोटं एकत्र धरली, घास धरताना असतात तशी, आणि तशीच धरून उभा राहिला. पोरांचं हसू विरलं. वैनी खाली मान घालून निकालाची वाट बघत होत्या.

"स्वच्छ हायत," तो म्हणाला. इतक्या हळू की मला जिन्यात कसंबसं ऐकू आलं. "बस."

त्या अंजूशेजारी बसल्या. पान तळहातावर कसं घ्यायचं ते अंजूनं त्यांना दाखवलं. पहिली थापटी फाटली. दुसरी जमली. तव्यावरून उतरल्यावर अंजूनं ती सोलली, फुंकर मारली आणि आईसमोर तोंड उघडून बसली.

वैनींनी एक तुकडा तोडला. हात मधेच थांबला. भीमाप्पा तव्याशी पाठ करून बसला होता, तो वळला नाही.

"ह्यो घास कुणाचा आव्वा?" अंजूनं विचारलं. ती पद्धत तिला कुठून माहीत, देव जाणे.

"तुझा," वैनी म्हणाल्या, आणि भरवला.